हौदातला करंट

माझ्या हातचं पाणी गाई पीत नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदा उघडपणे बोलून दाखवली ती माझ्या चुलत सासऱ्यांनी, आबांनी. लग्नाला पुरते दोन महिनेही झाले नव्हते. निमोण्याच्या रानातल्या आमच्या वस्तीवर संध्याकाळी भावकीतली चार माणसं बसली होती. मी गाई सोडून हौदावर आणल्या होत्या. आबा खाटेवर बसल्या बसल्या, मला बरोबर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जनावराला समदं कळतं. सकाळी वैनी पाजत्यात तवा कशा पोटभर पित्यात. आन् हिनं पाण्यावर आणल्या की तोंड लावत्यात न् मागं सरत्यात. पायगुण म्हंत्यात त्यो ह्योच."

सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या सासूबाईंनीही पाहिलं. मी काही बोलले नाही, कारण नव्या सुनेने बोलायचं नसतं. पण दोराला धरून उभी असतानाच मी मनाशी ठरवलं, की आबा, हे शब्द मी तुम्हाला चारचौघांत परत गिळायला लावीन. राग शांत झाल्यावर माणूस असलं काही विसरतो म्हणतात. माझा राग शांत झाला, पण मी विसरले नाही.

मी दौंडची. रेल्वे कॉलनीत वाढले, वडील रेल्वेत. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि शिरूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. स्थळ निमोण्याचं आलं. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, घरी बागायत आणि चार संकरित गाई. सासरे पूर्वीच वारलेले, त्यामुळे घरात मोठं माणूस म्हणून शब्द चालायचा तो सासऱ्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे या आबांचा. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, मध्ये फक्त गोठा आणि हौद. त्यांना माझ्या नवऱ्यासाठी आपल्या मेव्हण्याची मुलगी करायची होती. ते जमलं नाही आणि रेल्वे कॉलनीतली, साडीवर पर्स अडकवून एसटीने कामाला जाणारी सून आली. मला ते 'मास्तरीण' म्हणायचे. त्यात आदर अजिबात नव्हता.

आता गाईंचं खरं काय होतं ते सांगते, कारण आबा खोटं बोलत नव्हते. सकाळी मी सातच्या एसटीने शिरूरला निघायचे, म्हणून सकाळी गाईंना पाणी पाजायच्या त्या सासूबाई. संध्याकाळी परत आल्यावर ते काम माझं. सकाळी गाई हौदात तोंड बुडवून घोटावर घोट घ्यायच्या. संध्याकाळी त्याच गाई, त्याच हौदाकडे तहानलेल्या धावत यायच्या, नाक पाण्याला टेकवायच्या आणि झटक्याने मान वर करायच्या. मग पुढचे पाय एकेक करून उचलायच्या, मागे सरायच्या, परत यायच्या, जिभेच्या शेंड्याने मांजरासारखं थोडं चाटायच्या आणि निघून जायच्या. दूध घटलं. डॉक्टर आले, दात पाहिले, जीभ पाहिली, ताप पाहिला, काही सापडलं नाही. आणि हे सगळं सुरू झालं ते मी घरात आल्यापासून. मला स्वतःला कुणी ही माहिती दिली असती, तर मीही आधी सुनेकडेच पाहिलं असतं.

आबांच्या त्या बोलण्यानंतर घरात माझ्याशी कुणी भांडलं नाही. फक्त पाणी माझ्या हातून काढून घेतलं. आमच्याकडे घरी आल्यागेल्याच्या हातात पहिला तांब्या द्यायचा तो सुनेने. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, तरी कुणी आलं की त्या उठायच्या आणि मला म्हणायच्या, "तू ऱ्हाऊ दे, मी देते." एकदा शेजारच्या वस्तीवरची बाई आली तेव्हा सासूबाई मागच्या बाजूला होत्या, म्हणून मीच ग्लास भरून दिला. तिने तो हातात घेतला, माझ्याकडे बघून हसली आणि खाली ठेवला. ती जाईपर्यंत तो तसाच होता. मी तो ग्लास उचलून मोरीत ओतला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सोड ना, म्हातारी माणसं हायत." मी त्याला म्हटलं, तुमच्या हातचं पाणी कुणी असं न पिता ठेवलं असतं तर सोडलं असतं का. तो गप्प बसला. तसा तो वाईट नाही, पण गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

कॉलेजात मी पोरांना शिकवायचे, की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा, म्हणजे कारण सापडतं. तसं मी घरीही केलं. रविवारी सकाळी मी गाईंना पाणी पाजलं, गाई भरपूर प्यायल्या. सासूबाई म्हणाल्या, मी जवळ उभी होते म्हणून. एका संध्याकाळी मी त्यांना पाजायला लावलं, गाई प्यायल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हौद तूच भरला होतास. अंधश्रद्धेला सगळीकडून दारं असतात, एक बंद केलं की दुसऱ्यातून निघून जाते.

मग एके संध्याकाळी वीज गेली. आमच्याकडे वीज जाणं ही काही बातमी नाही, पण त्या दिवशी ती ऐन गाई पाण्यावर आणायच्या वेळी गेली. अंधारातच मी गाई आणल्या आणि त्या प्यायल्या. चारही गाई, माझ्या हातचं, पोट फुगेपर्यंत. मी हौदाच्या कडेला उभी राहून ऐकत होते. तो आवाज ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण माझा पायगुण काही वीज जाण्या-येण्यावर चालणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. त्याने खिशातला टेस्टर काढला, हौदाच्या पाण्याला लावला, पाइपाला लावला. टेस्टरातला छोटा दिवा लागला नाही. "करंट न्हाई ताई," तो म्हणाला. आबा बाजूलाच उभे होते. "मास्तरीणबाई, आता इजंवर बी घालता व्हय?" असं म्हणून हसत हसत निघून गेले.

टेस्टर खोटा नव्हता. त्याला फक्त एवढं बारीक दिसत नाही. त्यातला दिवा पेटायला बरेच व्होल्ट लागतात, म्हणजे माणसाला मारणारी वीज तो सांगतो. दोन-चार व्होल्टांची त्याला खबरही नसते. कुठल्याही मोजायच्या वस्तूबद्दल मी पोरांना हाच प्रश्न आधी विचारायला सांगते, की कमीत कमी किती असेल तर हिला कळेल. त्याच्या खाली जे असतं ते तिच्यासाठी नसतंच. म्हणून "काही नाही" असं उत्तर आलं, की ते वस्तूचं आहे की जगाचं, हे आधी बघावं लागतं. आमच्या वस्तीवरच्या माणसांचंही तसंच होतं. वस्तीवर सगळे पायात रबरी चपला घालून वावरणार, हाताची कातडी कामाने जाड झालेली. हौदात हात घातला तरी त्यांच्या अंगातून करंटला वाटच नव्हती. गाय मात्र चार ओल्या खुरांवर चिखलात उभी, आणि पाण्याला टेकतं ते तिचं ओलं नाक. तिच्या अंगातून करंटला माणसापेक्षा किती तरी सोपी वाट. अख्ख्या वस्तीवर खरं सांगणाऱ्या त्या चार गाईच होत्या आणि त्यांचा अर्थ लावणारे आबा होते.

मी आमच्या विभागप्रमुखांना विचारून कॉलेजातला गॅल्व्हानोमीटर घरी आणला. लॅबमध्ये साधा मल्टिमीटरही होता, तो आणला असता तर गोष्ट त्याच दिवशी संपली असती. पण मल्टिमीटर आकडा दाखवतो. पडद्यावर दोन आलं काय नि तीन आलं काय, आबा म्हणाले असते, असतंय तसं. मला त्यांना काटा हललेला दाखवायचा होता. घड्याळाचा, तराजूचा, दुधाच्या गाडीतल्या स्पीडचा, काटा सगळ्यांना कळतो. काटा खोटं बोलतो असं म्हणायची कुणाची छाती होत नाही.

गॅल्व्हानोमीटर मला विद्यार्थिनी असल्यापासून आवडतो. त्याच्या पोटात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे खूप वेढे घेतलेली एक हलकी चौकट असते, चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेली. तारेतून करंट गेला की चुंबक चौकटीला फिरवायला बघतो आणि एक नाजूक स्प्रिंग तिला जागेवर ओढते. त्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला करंट. तो अधिक बारीक कळावा असं वाटत असेल, तर वेढे वाढवायचे, चुंबक जोरकस घ्यायचा किंवा स्प्रिंग नरम करायची. पण यातलं काहीच फुकट मिळत नाही. वेढे वाढवले की तार लांबते, तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो आणि मुळात शिरणारा करंटच कमी होतो. स्प्रिंग फार नरम केली तर कुणी टेबलाला टेकलं तरी काटा डुलत बसतो. आणि असं नाजूक यंत्र थेट मोठ्या करंटला जोडलं तर तार जळते, म्हणून त्याच्या बाजूने जाड तारेची एक वाट काढून देतात. बहुतेक करंट त्या वाटेने जातो आणि काट्याच्या वाट्याला त्याला सोसेल तेवढाच येतो. त्याला शंट म्हणतात. मला त्या दिवसांत असं वाटायचं, की माझ्या नवऱ्याला असंच एक शंट उपजत मिळालेलं आहे.

एसटीने आणताना मी त्याच्या दोन्ही टोकांना एक वायर जोडून ठेवली. तसं केलं की गाडीच्या हादऱ्यांनी आतली चौकट गदागदा हलत नाही, तिची तीच स्वतःला आवरते. मांडीवर पेटी घेऊन खिडकीशी बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, "बीपीचं मशीन हाय का?" मी हो म्हटलं. तसं पाहिलं तर खोटं नव्हतं.

आणि मग मी घाई केली. सूड घ्यायची घाई माणसाला मूर्ख बनवते, याचा पुरावा मी स्वतः आहे. एकटीने आधी तपासून पाहायचं सोडून मी त्याच संध्याकाळी आबांना बोलावलं, सासूबाईंना बोलावलं, नवऱ्याला उभं केलं. स्टुलावर यंत्र ठेवलं. एक वायर हौदाच्या पाण्यात सोडली. दुसरी, गाई उभ्या राहतात तिथल्या चिखलात सळई खोचून तिला बांधली. मध्ये रोध घातला. आणि म्हटलं, आता बघा.

काटा शून्यावर होता. तो शून्यावरच राहिला.

मी वायरी हलवल्या, रोध कमी केला, परत जोडल्या. काही नाही. बाजूला गाई मान झटकत होत्या आणि माझा काटा ढिम्म. आबांनी चष्मा काढून वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मास्तरीणबाई, ह्यो काटा ज्या दिवशी हालंल ना, त्या दिवशी मी गाईवानी ह्या हौदाला त्वांड लावून पाणी पीन. समद्यांच्या म्होरं." त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. सासूबाई आत निघून गेल्या. त्या रात्री जेवताना माझ्या ताटापाशी त्यांनी वेगळा तांब्या ठेवला होता, हे माझ्या लक्षात आलं. त्याबद्दल मी नवऱ्याला काही सांगितलं नाही.

सकाळी एसटीत बसल्यावर मी तो काटा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणत होते. शून्यावर होता, पण नेहमीसारखा रेखीव नव्हता. जरा जाड दिसत होता, पुसट रेघ ओढल्यासारखा. अंधार पडत होता म्हणून तसा दिसत असेल, असं मी धरून चालले होते. न्हावऱ्याच्या फाट्याजवळ कधीतरी मला ते कळलं आणि मी बसमध्येच कपाळावर हात मारून घेतला. शाळेतल्या पोराला कळावं ते मला कळलं नव्हतं. लॅबमध्ये आम्ही हे यंत्र कायम बॅटरीवर वापरतो, बॅटरीचा करंट एकाच दिशेने जातो. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. काट्याला ती एकदा डावीकडे ढकलते आणि तो निघायच्या आत उजवीकडे. बिचारा काटा दोन्हीकडच्या धक्क्यांत जागच्या जागी थरथरतो आणि सरासरी येते शून्य. करंट नव्हता म्हणून काटा थांबला नव्हता. करंट दोन्ही बाजूंनी सारखाच होता म्हणून थांबला होता.

त्यावरचा उपाय डायोड. एवढासा काचेचा मणी, दोन बाजूंना दोन तारा. करंटला तो एकाच दिशेने जाऊ देतो, उलटा आला की अडवतो. लॅबमध्ये ट्रान्सफॉर्मरवरून तीन व्होल्टांची वीज घेऊन तपासलं. डायोडशिवाय काटा गप्प, डायोड घातला की सरळ एका बाजूला. मी तो मणी रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून घरी आणला.

या वेळी कुणाला बोलावलं नाही. आबा गावात गेले होते, सासूबाई भाकरी करत होत्या. दिवे लागायच्या वेळी मी डायोड जोडून दोन्ही वायरी लावल्या आणि काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला. मी रोध वाढवला, तेव्हा कुठे तो पट्टीवर आला. मी तिथेच चिखलात उकिडवी बसले आणि मला रडू आलं. आनंदाने नाही, संतापाने. इतके दिवस इथे वीज होती आणि मी अपशकुनी होते.

मग सळई उपटली आणि पुढे पुढे खोचत गेले. दर वेळी काटा किती जातो ते बघत गेले. आबांच्या घराच्या बाजूला गेलं की फरक पडत होता. हौदात पाणी आणणारा लोखंडी पाइप त्यांच्या भिंतीमागून येतो, तिकडे गेले. तिथे भिंतीला लागून जमिनीत पहार ठोकलेली होती आणि तिला घरातून आलेली वायर गुंडाळलेली. पाइपापासून हातभर अंतरावर. पहारीभोवतीची माती ओली, आणि तिच्यावर मिठाचा पांढरा थर.

ही पहार मी रोज पाहत होते. आमच्याकडे रानातल्या वस्त्यांवर हे सर्रास चालतं. करंट परत नेणारी न्यूट्रलची तार तुटली आणि वायरमन लवकर आला नाही, की करंट आणणारी फेजची एक तार घ्यायची आणि दुसऱ्या बाजूला जमिनीत पहार ठोकून तिला वायर बांधायची. जमीन न्यूट्रलचं काम करते, दिवे लागतात, पंखा फिरतो. उन्हाळ्यात माती सुकली की दिवे मिणमिणतात, मग तिथे मिठाचं पाणी ओतायचं. आबांची बायको रोज संध्याकाळी, तुळशीला घालावं इतक्या नेमाने, त्या पहारीला मिठाचं पाणी घालायची. मला वाटायचं, तिकडे काही झाड आहे. त्यांच्या घरातला सगळा करंट त्या पहारीतून जमिनीत जायचा, थोडा पाइपातून हौदात यायचा, आणि गाईच्या नाकातून तिच्या खुरांवाटे परत जमिनीत. सकाळी दिवे बंद, म्हणून सकाळी गाई प्यायच्या.

नवऱ्याला विचारलं, ही पहार कधीची. तो सहज म्हणाला, "आपल्या लग्नाची. वारं सुटलं होतं, न्यूट्रल तुटला, मांडवातल्या माळा लागंनात. मग आबांनी ठोकली. तशीच ऱ्हायली."

माझ्या लग्नाच्या माळा पेटाव्यात म्हणून ठोकलेली पहार. मी घरात पाऊल टाकलं त्याच दिवसापासूनची. तेव्हाच सगळ्यांना सांगून टाकायला हवं होतं असं नवरा अजूनही म्हणतो. मी सांगितलं नाही. आबांनी मला चारचौघांत पायगुणाची ठरवलं होतं, स्वयंपाकघरात दोघा-तिघांपुढे हळूच मागे घेण्यासाठी नाही. मी वाट पाहिली. तोवर गाईंना मी गोठ्यामागे प्लास्टिकच्या टबात पाणी पाजत होते. त्यांचं आणि माझं काही वैर नव्हतं.

वाट फार पाहावी लागली नाही. आबांच्या मुलाचं केडगावकडच्या एका मुलीशी जमत आलं होतं आणि मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. संध्याकाळची वेळ ठरली. भावकी गोळा झाली. पाहुण्यांना लख्ख उजेड दिसावा म्हणून आबांच्या बायकोने त्या दिवशी पहारीला दोन बादल्या मिठाचं पाणी घातलं, ते मी खिडकीतून पाहत होते. मला सांगण्यात आलं होतं, की चहा तू कर, पण पाण्याचा ट्रे दुसरी कुणी नेईल. मी चहा केला. त्या मुलीचं पुढे काय होईल याचा विचार माझ्या मनात आला होता, हे कबूल करते, पण तिच्यासाठी मी काही केलं नाही. जे केलं ते माझ्यासाठी केलं.

चहा झाल्यावर पाहुणे गोठा बघायला उठले आणि मी स्टूल आणून हौदापाशी ठेवलं. त्यावर यंत्र ठेवलं. आबांचा चेहरा बदलला. "आता ह्ये कशाला, पाव्हणे हायती," ते म्हणाले.

"पाहुण्यांनाही बघू दे, आबा. यांच्या मुलीलाही उद्या याच हौदावर गाई आणायच्या आहेत."

मी वायरी लावल्या. काटा उठला आणि पट्टीच्या टोकाकडे गेला. मग मी पाहुण्यांतल्या एका मुलाला आबांच्या घरातला मेन स्विच बंद करायला पाठवलं. घर काळोखात गेलं आणि बॅटरीच्या उजेडात काटा शून्यावर येऊन बसला. स्विच चालू, काटा पुन्हा टोकाला. तीनदा केलं. कुणाला समजवायची गरज पडली नाही. मुलीचे वडील सरळ पाइपाच्या मागे गेले, पहार पाहिली, खाली वाकून माती बोटाने जिभेला लावली आणि म्हणाले, "मीठ हाय की हो."

"आबा," मी म्हटलं, "काटा हलला. तुम्ही शब्द दिला होता."

"आगं, चेष्टंत म्हनलं व्हतं."

"पायगुणाचंही चेष्टेतच म्हणाला होता का?"

नवरा माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको नको. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. किती व्होल्ट आहेत ते मी आदल्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर, लॅबमधला मल्टिमीटर आणून मोजून ठेवलं होतं, जिवाला धोका नव्हता. मिठाच्या दोन बादल्यांनंतर पुन्हा मात्र मोजलं नव्हतं. आबांनी सगळीकडे पाहिलं. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही. मुलीच्या वडिलांसमोर शब्द फिरवणं त्यांना परवडणारं नव्हतं. "चपला काढा," मी म्हटलं. "गाई चपला घालत नाहीत."

त्यांनी चपला काढल्या. चिखलात उभे राहिले, हौदाच्या कडेला हात टेकवून वाकले आणि ओठ पाण्याला लावले. गाय करते तसंच झालं. मान झटक्याने वर गेली, एक पाय आपोआप उचलला गेला आणि ते दोन पावलं मागे आले. ओठांवरून हात फिरवत राहिले. कुणीतरी मागे हसलं, मग सगळेच हसले, त्यांचा मुलगाही. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघत उभी होते, एकही क्षण चुकू नये म्हणून.

सोयरीक जमली. त्याच आठवड्यात पहार उपटली गेली, न्यूट्रल जोडला गेला, संध्याकाळी गाई हौदावर पोटभर पिऊ लागल्या. दूध पूर्वीसारखं आलं. आबा मला मास्तरीण म्हणायचं थांबले. आता 'म्याडम' म्हणतात आणि शक्यतो माझ्यासमोर येत नाहीत. पायगुणाचा विषय कुणी काढला नाही. कुणी माफी मागितली नाही. एके दिवशी पाहुणे आले तेव्हा सासूबाई जागच्या उठल्या नाहीत, मला म्हणाल्या, "पानी दे की गं पाव्हन्यास्नी." जणू मधले महिने कुणी भिंतीवरून पुसून टाकले होते. मी पाहुण्यांना म्हटलं, "माठ तिथं आहे, ग्लास वरच्या फळीवर. घ्या." आणि पेपर तपासत बसले.

तेव्हापासून त्या घरात मी कुणालाही पाणी देत नाही. बाकी सगळं करते. स्वयंपाक करते, शेण काढते, औषधं आणते, डबे भरते. लोकांना वाटतं, शिकलेली आहे, गर्व आहे. वाटू दे.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना ताप आला. दुपारची वेळ, मी त्यांच्या उशाशी बसून कपाळावर ओली घडी ठेवत होते. नवरा ओट्यावर होता. त्या म्हणाल्या, "पानी दे." मी नवऱ्याला हाक मारली, "अहो, आईंना पाणी द्या." त्याने ग्लास भरून आणला. सासूबाईंनी तो घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ सुकून पांढरे झाले होते.

"तुझ्या हातचं दे," त्या म्हणाल्या.

नवरा ग्लास माझ्यापुढे धरून उभा होता. मी हात पुढे केला नाही.

"आई, माठ तोच आहे, पाणी तेच आहे," मी म्हटलं. "हाताने काय फरक पडतो?"

त्यांनी डोळे मिटले. मग मुलाच्या हातून ते पाणी प्यायल्या, थोडं थोडं, आणि भिंतीकडे तोंड केलं. मी घडी बदलली. मला बरं वाटलं.